टॉवेलचं अंथरूण-पांघरूण

बोंडातून सरकी काढून घेतल्यावर मागं जे पांढरंशुभ्र काही उरतं, त्याच्याशी माझ्या मामेसासऱ्यांइतकी जवळची सोयरीक जुळवलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. हे मी जावई म्हणून भिडेखातर सांगत नाही. तुम्ही-आम्ही माणूस भेटला की त्याचा चेहरा पाहतो, नाव-गाव विचारतो. मामाजी आधी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरत, डोळे मिटून ती दोनदा चोळत आणि मग "बसा" म्हणत. कापड मनास आलं नाही तर ते "बसा" जरा उशिरा यायचं. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचं त्यांचं काम. कापसानं भरलेली बैलबंडी आत आली की मामाजी तिच्यातला पुंजका ओढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणायचे आणि गाडीवानाला त्याच्याच शेताची हकिगत सांगायचे: पेरा उशिरा झाला, माल दुसऱ्या वेचणीचा आहे आणि वरचे दोन हात सोडले तर खालचा कापूस ओला आहे. गाडीवान एकतर हात जोडायचा नाहीतर भांडायला उठायचा. भांडायला उठलेल्याला ते शांतपणे म्हणायचे, "माह्याशी कावून भांडता? थ्या कापसानं चुगली केली, त्याले इचारा."

माझी त्यांची पहिली भेट झाली ती मी विमलला पाहायला अकोल्याला गेलो तेव्हा. स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-पाच वर्षं असतील. मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि त्या दिवसासाठी मुद्दाम कोट शिवून घेतला होता. विमलचे आईवडील ती लहान असतानाच गेलेले. मामा-मामींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती त्यांच्याच घरी, त्यांचीच होऊन वाढली. पोहे झाले, मुलगी येऊन गेली, माझे थोरले काका शिक्षणाबद्दल आणि शेतीबद्दल जे बोलायचं ते बोलले.  शेवटी मामाजी उठले, माझ्याजवळ आले, कोटाचं टोक चिमटीत धरलं आणि दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमक्ष ते उलटं करून आतलं अस्तर पाहू लागले. "वरचं कापड बरं हाये," ते म्हणाले. "अस्तरात मात्र शिप्यानं फसवलं तुमाले. पोरगी देतो, पन कोट बदला." असं माझं लग्न ठरलं. कोट मी खरोखरच बदलला.

जिनाचा हंगाम दिवाळीला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपायचा. पुढचे महिने मामाजींची चिमूट रिकामी. ती रिकामी राहिली की घरातल्या पडद्यांपासून शेजारणींच्या पदरांपर्यंत कुठेही जायची आणि मामींना ओशाळवाणं व्हायचं. म्हणून एका शिंप्यानं पायमशीन विकायला काढलं तेव्हा मामींनीच ते घ्यायला लावलं. मामींचा अंदाज असा, की आता घरच्या घरी पोलकी शिवून मिळतील. पण मामाजींनी उभ्या आयुष्यात त्या मशीनवर एक पोलकं शिवलं नाही. जिनात सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे चरक्यांचे, दाते आणि पट्टे सांभाळणारे गंगाराम मिस्त्री नावाचे त्यांचे जिवाभावाचे मित्र होते. त्यांना बोलावून मामाजींनी मशीनखालचे कापड पुढं सरकवणारे दाते खाली बसवून घेतले, दाबणारा पाय काढून टाकला, लाकडी रिंगीत कापड ताणलं आणि हातानं ते सुईखाली फिरवत भरतकाम सुरू केलं. आणि भरतकाम तरी कशावर? रुमालावर नाही, उशीच्या अभ्र्यावर नाही, तर टॉवेलवर.

त्याला कारण होतं. त्याच सुमारास आमच्याकडे ते जाड, लवदार टर्किश टॉवेल यायला लागले होते. मामाजींनी दुकानात पहिला टॉवेल चिमटीत धरला आणि म्हणे दुकानदाराला पाच मिनिटं तो सोडवून घेता आला नाही. "पंचा पानी पुसते, हा पानी पेते," असं त्याचं वर्णन करत ते घरी आले. तो टॉवेल घेऊन ते बार्शीटाकळीला एका लग्नाला गेले. जानवशाच्या विहिरीवर पन्नास माणसं आंघोळीला, पन्नास टॉवेल एका दोरीवर. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी जाळी झालेला पंचा होता. दोन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यापुढे आपल्या नात्यागोत्यातला एकही टॉवेल नावाशिवाय घराबाहेर पडणार नाही.

या निश्चयाचा पहिला मोठा प्रयोग माझ्या लग्नात झाला. वराकडच्या अकरा कर्त्या पुरुषांना अकरा टॉवेल, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, लाल दोऱ्यानं ठसठशीत भरलेलं. टॉवेल सुईखाली लुळा पडतो, म्हणून मामाजींनी त्याच्या खाली वर्तमानपत्राच्या दोन घड्या धरल्या होत्या आणि काम झाल्यावर तो कागद ओढून काढला होता. बराचसा निघाला. जो निघाला नाही तो टाक्यांच्या मागं दडून बसला आणि सीमान्तपूजनाच्या वेळी माझ्या थोरल्या काकांनी घामानं निथळणारं तोंड खसाखसा पुसलं तेव्हा बाहेर आला. काकांच्या उजव्या गालावर आडव्या ओळी उमटल्या. शाळेतल्या एका व्रात्य सहकाऱ्यानं खिशातला आरसा काढून त्या सुलट वाचल्या. सरकीचे भाव होते. हे हसण्यावारी गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी टॉवेल धुतले आणि लवेचे फासे जे उभे राहिले ते नावांना गिळूनच. लालबुंद अक्षरं पांढऱ्या लवेत अशी बुडाली, की कुठं काना वर, कुठं वेलांटी वर. थोरल्या काकांचं नाव महादेव. त्यातला 'म' गेला, 'दे' गेला आणि टॉवेलवर ठळक राहिलं ते नुसतं 'हाव'. काका हात राखून खर्च करणारे म्हणून अमरावतीत प्रसिद्ध होते. ही गोष्ट गावात पसरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

अकोल्याला हे कळलं तेव्हा मामाजी हसले नाहीत. त्यांना ते मनापासून लागलं. "उमर गेली माही कापसात," ते मला म्हणाले, "अन् कापसानंच मले फसवलं." त्यानंतर त्यांनी बाहेरचं एकही काम घेतलं नाही. पण मशीनही सोडलं नाही. तीन-चार वर्षं, जिन बंद असेल तेवढे महिने, त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: टॉवेलच्या खाली काय घालायचं आणि वर काय घालायचं. खालच्याला त्यांनी नाव दिलं अंथरूण, वरच्याला पांघरूण. खालचं अंथरूण नसेल तर सुई टॉवेलला खेचून चुण्या पाडते आणि वर पांघरूण नसेल तर लव टाक्यांतून डोकं काढते, एवढं निदान पक्कं झालं होतं. औषध मिळत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी मला अमरावतीला त्यांचं पाकीट यायचं. आत दोन ओळी क्षेमकुशल आणि मग चिंध्या, कागदाचे कपटे, प्रत्येकावर पेन्सिलीनं शेरा: "गोणपाट. पाठीले टोचते." "बेकरीचा कागद. बिस्किटाचा वास जात नाही." "पतंगाचा कागद, हिरवा. काम झकास. पन धुतल्यावर टॉवेल, बादली अन् तुमच्या मामी तिघंही हिरवे." एकदा त्यांनी टॉवेलवर केळीचं पान अंथरून त्यावर नाव भरलं. नाव सुरेख आलं. पान मात्र अक्षरांच्या पोटात अडकलं आणि चिमट्यानं ते वेचून काढता काढता त्यांनी मला ऐकवलं, "जवाईबापू, पांघरुनानं आपलं काम कराव अन् निंगून जाव. अंथरुनानं राह्याव, पन दिसू नये. हे दोनी गुन ज्यात हायेत असं कापड मले दाखवा."

मी गणिताचा माणूस. मी सुचवलं, की अक्षरं इंग्रजी काढा. सुटी असतात, एक बुडालं तरी दुसरं तरतं. त्यावर ते माझ्याकडे दयेनं पाहू लागले. "आपल्या अक्षराईले वर रेघ हाये," ते म्हणाले. "सारे एका दोरीले धरून उभे. थे रेघच नाई बुडाली पाह्यजे, बस." त्यांचं म्हणणं असं, की नाव लोकांना वाचता येत नसेल तर ते नाव नव्हे, आणि अकोल्यात ते मराठीतच वाचतात.

अंथरुणाचा शोध आधी लागला. तो त्यांनी स्वतःच्याच अंगावरून लावला, म्हणजे अक्षरशः धोतरावरून. नवं कापड खाली घातलं की पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि वरचं नाव सुरकुततं. पण वापरून वापरून जे धोतर आखडायचं तेवढं आखडून बसलंय, त्याला खळ देऊन कडक केलं तर ते सुईखाली पाटासारखं राहतं आणि नंतर मऊ होऊन पाठीला कळतही नाही. हा शोध लागल्यावर घरातली धोतरं भराभर जुनी होऊ लागली.

पांघरूण सापडलं मामींच्या स्वयंपाकघरात. चैत्राचे दिवस, मामींनी कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून पातेलंभर चीक काढला होता. पातेल्याच्या कडेला चिकाचा एक ओघळ वाळून पातळ पापुद्रा झाला होता. मामाजी पाणी प्यायला आत गेले, त्यांनी तो नखानं सोडवला, उजेडाकडे धरला, मग जिभेवर ठेवला. तो विरघळला. ते पाणी न पिताच बाहेर आले. त्या दुपारी मामी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आणि परतल्या तेव्हा पातेलं रिकामं होतं, भिंतीवरच्या साऱ्या तसबिरींच्या काचा काढलेल्या होत्या आणि अंगणात त्या काचांवर चीक पसरून उन्हात ठेवला होता. मामींच्या वडिलांच्या फोटोचीही काच त्यात होती. "माह्या बाबाले उघडं टाकलं!" एवढंच मामी बोलल्या. त्या वर्षी घरात कुरडया झाल्या नाहीत. पण पापुद्रा मात्र झाला. तो टॉवेलवर पसरला, त्यावरून नाव भरलं, लव मुकाट खाली दबून राहिली आणि पाण्यात बुडवताच पांघरूण विरघळून गेलं. नाव वर. विजयानं बेभान होऊन मामाजींनी दुसरा नमुना पाण्यात न घालता आधी शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून कुंपणावर टाकला आणि तो नमुना शेजारच्या शेळीला आधी दिसला. चिकाची गोडी तिला ठाऊक नसायला काय झालं? तिनं टॉवेल सोडून नेमकं नाव खाल्लं. मामींनी तो भोकाचा टॉवेल पाहिला, पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि पुष्कळ वेळ आतच राहिल्या. त्या हसत होत्या, हे विमलनं मला नंतर सांगितलं. मामाजींसमोर मात्र त्यांनी कुरडया बुडाल्यापासून मशीनशी धरलेला अबोला सोडला नाही. पुढच्या वर्षापासून चिकाचं पातेलं कडीकुलपात गेलं आणि मामाजींना त्यातून वाटीवाटीनं, मागून, चीक घ्यावा लागू लागला.

गंगाराम मिस्त्रींच्या शांताचं लग्न ठरलं ते याच सुमारास. मिस्त्रींच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि त्यानंतरचं हे त्यांच्याकडचं पहिलंच लग्न. शांता मॅट्रिक होऊन शिक्षिका झाली होती. मुलगा आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा, तेव्हा स्थळ मीच सुचवलं होतं आणि अमरावतीला बोलणी झाली तेव्हा मीही हजर होतो. सगळं गोडीत ठरलं. शेवटी मिस्त्री म्हणाले, "मी गरीब मानूस. पन एकवीस पाव्हण्याईले एकवीस टॉवेल देईन, ज्याच्या त्याच्या नावाचे. आमच्या भाऊच्या हातचे." भाऊ म्हणजे मामाजी. मुलाचे काका टपालखात्यातून निवृत्त झालेले, बोलण्यात तिखट. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "असे टॉवेल अमरावतीत एक डाव आले होते म्हने. एका धुन्यात नाव गेलं अन् हाव राह्यली." सारी बैठक हसली. मी खाली पाहिलं. मिस्त्री हसले नाहीत. "तवाचं मी नाई जानत," ते म्हणाले. "आता जानार नाई." काका म्हणाले, "मंग मी मांडवातच धुऊन पाह्यतो."

मी हे मामाजींना सांगितलं तेव्हा वाटलं, ते काम नाकारतील. चार वर्षांत त्यांनी परक्याचं एक नाव भरलं नव्हतं. पण मिस्त्री समोर बसले होते. "तुमीच कराचं," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्याचं मले चालत नाई." मामाजींनी मान डोलावली. त्यांच्या मनात प्रत्येक नावाखाली एक पिंपळाचं, म्हणजे बोधिवृक्षाचं, पान काढायचं होतं. शांता म्हणाली, "काकाजी, टॉवेलनं लोक पायही पुसतात. नुसती नावं टाका." मामाजी म्हणाले, "बराबर बोलली पोरगी. माह्या ध्यानातच नाई आलं." गल्लीतल्या एका गृहस्थानं तेवढ्यात त्यांना गाठून विचारलं, "कावून हो, त्याईच्या लग्नाचं काम घरात घेतलं म्हने?" मामाजींनी त्याच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला, दोनदा चोळला आणि म्हणाले, "चांगला कापूस हाये. हा कोनाच्या हातानं वेचला थे इचारलं का तुमी कधी?" गृहस्थ सोगा सोडवून घेऊन निघून गेला.

लग्न वैशाखात. अकोल्याचा वैशाख ज्यानं अंगावर काढलाय त्याला मी काही सांगायला नको. पहिली पाच नावं सुरेख झाली. सहाव्या टॉवेलवर पापुद्रा पसरला, सुई खाली आली आणि पापुद्रा तडकला. दुसरा पसरला, तोही तडकला. त्या कोरड्या उन्हात सगळे पापुद्रे भाजल्या पापडासारखे झाले होते. हात लावला की तुकडे. लव फटीफटीतून वर आली. पतंगाचा कागद शोधला तर त्या दिवसांत गावात मिळेना. मी आणि विमल आठ दिवस आधी मदतीला म्हणून गेलो होतो. मामाजी दोन दिवस नुसते मशीनसमोर बसून होते. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "मिस्त्रीले काय तोंड दाखवू?" मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूस म्हातारा होत चाललाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. मशीनच्या इतक्या जवळ त्या कित्येक महिन्यांत आल्या नव्हत्या. त्यांनी एक पापुद्रा उचलला, वाकवला. तो मोडला.

"काय झालं याले?" त्यांनी विचारलं.

"पापड झाला," मामाजी म्हणाले.

मामींनी तुकडा दातांत धरून पाहिला. "नुसता चीक हाये. कसा वाकन? माह्या टाचेले लावतो थे ग्लिसरीन टाका यात दोन थेंब. त्यानं टाचा फुटत नाई, मंग हे कावून फुटन? अन् उन्हात नोका वाळवू. सावलीत वाळवा, अन् माठाखाली ओल्या फडक्यात ठेवा."

मामाजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तीस वर्सं झाली," ते हळूच म्हणाले, "हे मले आधी कावून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?" मामी म्हणाल्या. "माह्या पदराचं सूत इचारलं तुमी. मले कवा काय इचारलं?"

मी आणि विमल दोघंही एकाच वेळी उठून उगाचच अंगणात गेलो.  थोड्या वेळानं आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पातेल्याचा.

पुढचे पाच दिवस त्या घरात जे काही चाललं होतं त्याला मी लग्नघरच म्हणेन, जरी लग्न दोन गल्ल्या पलीकडे होतं. मामी काचांवर चीक इतका सारखा पसरायच्या, की काचेवर चीक आहे की नाही हे कळू नये. त्यांच्या बाबांच्या फोटोची काच त्यांनी स्वतःहून उतरवून आणली. पापुद्रे आता रेशमासारखे वाकायचे. मामाजी रिंग फिरवायचे आणि मामी शेजारी बसून "आता उकार, आता रेघ, दमानं" असं म्हणायच्या. त्यांना जेमतेम चार अक्षरं येत होती, पण टाका कुठं सैल पडला हे त्यांना मामाजींच्या आधी दिसायचं. एकदा मामाजींनी त्यांचं ऐकलं नाही आणि वेलांटी उसवावी लागली. "झालं समाधान?" मामी म्हणाल्या. मामाजी खरंच समाधानानं हसत होते. एकविसावं नाव झालं तेव्हा अंगणात एकवीस टॉवेल वाळत होते आणि यावेळी शेजारच्या शेळीला दावं लावलेलं होतं.

लग्नाचा विधी साधाच, अर्ध्या तासाचा. तो झाला, वंदना झाली, पाहुण्यांना टॉवेल दिले गेले. मुलाच्या काकांनी आपला टॉवेल उलगडला, निळ्या दोऱ्यातलं नाव वाचलं आणि तडक विहिरीकडे निघाले. मांडव त्यांच्यामागं निघाला. मिस्त्री सगळ्यांच्या पुढं. मामाजी मात्र जागचे हलले नाहीत. मामींच्या शेजारी, बायकांच्या बाजूला, सतरंजीवर बसून राहिले. काकांनी साबण मागवला, टॉवेल खळखळून भिजवला, दगडावर पाच-सहा वेळा असा आपटला, की मला माझ्या काकांचा टॉवेल आठवला. मग पिळून, झटकून, दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरला. 'तुळशीराम'. र्‍हस्व-दीर्घासकट, वरच्या रेघेसकट. काकांनी नावावरून बोट फिरवलं, टॉवेल उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला. "मिस्त्री," ते मोठ्यानं म्हणाले, "हा मानूस कुठं हाये? मले त्याच्या पाया पडाचं हाये." ते खरोखर आले. मामाजींनी त्यांना खाली वाकू दिलं नाही. अर्ध्यातच धरलं, आणि धरता धरता सवयीनं त्यांच्या सदऱ्याची बाही चिमटीत आली. "बसा," मामाजी लगेच म्हणाले. मग मामींकडे हात करून म्हणाले, "पाया पडाचंच असन तं यायच्या पडा. माहं नुसतं अंथरून हाये. पांघरून यायचं."

त्यानंतर पुष्कळ नावं त्या घरातून बाहेर पडली. अकोल्यात, अमरावतीत, बार्शीटाकळीला, पार कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या दुकानदारापर्यंत. ज्यानं विचारलं त्याला दोघंही सगळं सांगून टाकायचे, ग्लिसरीनच्या थेंबांसकट. शांता शाळेतल्या मुलींना घेऊन यायची आणि मामाजी त्या मुलींच्या परकरांची कापडं चोळून पाहत त्यांना शिकवायचे. पुढं गिरण्यांचे, विणतानाच नक्षी पाडलेले टॉवेल स्वस्त झाले आणि कामं कमी होत गेली, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "चांगला हाये," असं त्या टॉवेललाही ते चिमटीत धरून म्हणाले.

एका हिवाळ्यात, जिनाचा हंगाम ऐन भरात असताना, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मामाजी गेले. गंगाराम मिस्त्रींनी त्या दिवशी चरके बंद ठेवायला लावले. तेरावा झाल्यावर विमल म्हणाली, मामाच्या नावाचा एक टॉवेल मी अमरावतीला घेऊन जाते. आम्ही कपाट पाहिलं, ट्रंका पाहिल्या. नातलगांची, शेजाऱ्यांची, शेळीच्या मालकाचीसुद्धा नावं नमुन्यांवर निघाली. मामाजींचं कुठंच नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव कधी भरलंच नव्हतं.

पुढच्या चैत्रात मी कामानिमित्त अकोल्याला गेलो. मामींनी चहा दिला, आणि मग एक कोरा टॉवेल आणि पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. "लिहा यावर," त्या म्हणाल्या. मी विचारलं, काय लिहू. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मामींनी तर विमलच्या लग्नपत्रिकेच्या वेळीसुद्धा घेतलं नव्हतं. मला कळलं. मी पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत, नाव लिहिलं. मामींनी खाली खळीचं धोतर घातलं, वर पापुद्रा पसरला, रिंग आवळली आणि मशीनवर बसल्या. त्या मशीनवर मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाय पहिल्यांदा उलटा पडला, दोरा तुटला. त्यांनी परत ओवला. अक्षरं वाकडी येत होती, एक काना दुसऱ्यापेक्षा उंच झाला.  वरची रेघ त्यांनी सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात ओढली.

मग त्यांनी टॉवेल बादलीत बुडवला. पापुद्रा विरघळला आणि नाव वर आलं. त्या ते ओलं नाव कितीतरी वेळ हातात धरून उभ्या होत्या. "वाकडं हाये," त्या शेवटी म्हणाल्या, "पन वाचता येते." टॉवेल पिळला, अंगणातल्या दोरीवर टाकला, आणि दिवस कलल्यावर वाळलेला आत आणून मोरीजवळच्या खिळ्याला अडकवला. भांडी घासून आल्यावर त्यांनी त्यालाच हात पुसले. आणि मी पाहत नाही असं समजून, मग तोंडही.